मामांच्या शेतातला पांढरा डाग

पडद्यावर तो पांढरा डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या पुरातत्त्वाच्या कार्यालयात उपग्रहाची चित्रं नुकतीच यायला लागली होती आणि ती उघडायला सगळ्यांत मिळून एकच संगणक होता. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं उमटायचं. वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे ते पूर्ण होईपर्यंत कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नसे. त्या दिवशी ते पूर्ण झालं. अंबड तालुक्यातला, वडीगोद्रीच्या आसपासचा तुकडा होता, उन्हाळ्यातला, म्हणजे शेतं उघडी पडलेली. गडद जमिनीत मधेच काही फिकट, पांढरट ठिपके होते.

आमच्याकडे पांढऱ्या मातीचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंती असं सगळं एकावर एक साचत जातं आणि माती पांढरी होते. काळ्या शिवारात पांढरा डाग दिसला तर तिथं कधीकाळी गाव असणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. मी भोकरदनची. पाऊस पडून गेला की आम्ही मुलं मातीतून वर आलेले मणी वेचायचो, आणि मी या धंद्यात पडले त्याचं कारण एवढंच.

खोदकामात माझा हात बरा होता. पण आमच्या सरांनी मला तिथून उचलून चित्रांच्या कामाला बसवलं आणि माझं डोकं फिरलं. सर म्हणजे आमचे वरिष्ठ. पुण्याकडचे, बारीक अंगाचे, बारीकसारीक गोष्टीवरून खेकसणारे. सुरुवातीला तर त्यांनी संगणकाला हातही लावू दिला नाही. जुनी विमानातून घेतलेली काळीपांढरी छायाचित्रं द्यायचे. एकाच जागेची दोन छायाचित्रं शेजारी शेजारी मांडायची, वर चार पायांचा स्टीरिओस्कोप ठेवायचा आणि त्याच्या दोन भिंगांतून बघत बसायचं. डोळे जुळले की सपाट कागदातून टेकाडं वर येतात म्हणे. माझे डोळे काही जुळेनात. कपाळ ठणकायचं, दुपारचं जेवण जायचं नाही.

"दिसतंय?"

"नाही."

"मग बघ."

असा आमचा संवाद. एका दुपारी मी सगळं उधळून चहाला निघणार, तेवढ्यात एक लिंबाचं झाड कागदातून सरळ माझ्या नाकाकडे आलं. मी दचकून मागे सरकले. सर हसले नाहीत, कौतुक तर नाहीच. "आता कामाला लाग," म्हणाले.

मग उपग्रहाची चित्रं आली, तर तिथं निराळाच कारभार. उभं पीक लालभडक दिसायचं, पाणी काळं, उघडी जमीन करडी-निळसर. एक शेत म्हणजे मोजकेच चौकोनी ठिपके, बारीक काही बघायचं तर ओढूनताणून. लेझरनं जमीन मोजतात, झाडाखालची भिंतसुद्धा सापडते, असं आम्ही परदेशी मासिकांत वाचायचो आणि सर ते पान उलटायचे. आपल्याला आहे त्यात भागवायचं होतं. ते मला सारखं बजावायचे की बघणाऱ्याला जे हवं असतं तेच आधी दिसतं, म्हणून काही दिसलं की दोन दिवस तोंड बंद ठेवायचं.

मी दोन दिवस कसली थांबते? पांढरे डाग दिसले त्याच दिवशी मी गावाचा नकाशा आणून त्यावर चित्र जुळवलं, कोणते गट डागाखाली येतात ते काढलं आणि सरांच्या पुढ्यात ठेवलं. सगळ्यांत मोठा डाग नदीच्या बाजूच्या एका गटावर होता. सर खूश झाले, म्हणजे खेकसले नाहीत. तपासणी होईपर्यंत त्या गटांत कसलंही खोदकाम करू नये, असं पत्र कार्यालयातून गेलं. गटाच्या नंबरावरून माणूस कळत नाही, गाव ओळखीचं असलं तरी.

माणूस कळला तो आठवडाभरानं, फोनवर.

"बाई, तुमच्या हापिसातून कागद आलाय," मामा म्हणाले. "हीर थांबवा म्हून राह्यले. तुझ्या वळखीचं कुनी आसल तर जरा बघ ना."

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. लहानपणीचे माझे सगळे उन्हाळे त्यांच्या मळ्यात गेले. त्यांनी हातानं लावलेली मोसंबीची बाग होती, आणि तिची जुनी विहीर त्या वर्षी माघातच तळाला गेली होती. म्हणून त्यांनी नदीकडच्या तुकड्यात नवी विहीर धरली होती. दगडमाती वर ओढायची यारी ठरवून ठेवली होती. कंबरभर खणून झालं आणि आमचा कागद पोचला, दुष्काळात तेरावा महिना. मोसंबीचं झाड एकदा मुळातून वाळलं की पुन्हा उठत नाही. मृगाच्या आत पाणी लागलं नाही तर बाग गेली, हे मामांनी सांगितलं नाही, मला ते माहीतच होतं. तो कागद कुणाच्या टेबलावरून निघाला, हेही मी त्यांना फोनवर सांगितलं नाही. रविवारी येते म्हणाले.

सरांना मात्र लगेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग तू यातून बाजूला व्हायला पाहिजे."

"हो."

"आणि छायाचित्रं वाचणार कोण? मला हल्ली त्या भिंगांतून सगळं धूर दिसतं."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ऑपरेशन ते पुढे ढकलत होते. कार्यालयात छायाचित्रं उठवून बघता येणारी मी एकटी उरले होते. सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "तूच बघ. जे दिसेल ते सांग." त्यांनी मला ओरडायला हवं होतं. त्याऐवजी विश्वास टाकला.

रविवारी वडीगोद्रीला बसमधून उतरले आणि पायी मळ्यात गेले. वाटेतच मोसंबीची पानं आत वळलेली दिसली. मामा बांधावर उभे होते. मी त्यांना आधी खरं सांगून टाकलं, की डाग मीच काढला, नंबर मीच दिला. मामांनी नुसतं "आस्सं" म्हटलं. मामी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तिनं तो माझ्या हातात न देता दगडावर ठेवला.

"आपलेच दात आन् आपलेच व्हट," ती म्हणाली. "बोलावं तरी कुनाला?"

मी तांब्या न उचलता खड्ड्यात उतरले. खड्ड्याची भिंत खुरपीनं साफ केली. वर वीतभर पांढरट माती होती, तिच्यात झिजलेली, बारीक खापरं. तिच्याखाली थेट काळी माती, स्वच्छ, खापराचा एक तुकडा नाही. दोन्हींच्या मधली रेघ नांगराच्या खोलीवर सरळ होती. जिथं गाव वसलेलं असतं तिथं असं होत नाही. तिथं पांढरी खोल जाते, राखेचे थर असतात, चुली असतात. इथं कुणीतरी काळ्यावर पांढरं आणून पसरलं होतं.

कुणी आणलं असेल? मामांनी. मीच गाडीत बसले होते की. उन्हाळ्यात गावाबाहेरच्या जुन्या टेकाडावरची पांढरी माती खणायची, बैलगाडीत भरायची आणि शेतात टाकायची, ही आमच्याकडची जुनी रीत. जमीन उठते, दोन-तीन वर्षं पीक चांगलं येतं. सगळं गाव तेच करायचं. भरलेल्या गाडीवर बसून मी कितीदा त्या शेतात आले होते, आणि वरून तेच शेत पाहिलं तेव्हा मला तिथं गाव दिसलं. पुण्या-मुंबईच्या माणसानं ही चूक केली नसती, कारण त्याला पांढरीचा अर्थच माहीत नसता. ही चूक करायला आमच्याच भागातलं असावं लागतं.

"खाली काय न्हाई ना?" मामांनी वरून विचारलं.

"दिसत तरी नाही, मामा."

"मंग काम चालू करू?"

"मला चार दिवस द्या."

"यारीवाला दुसऱ्या गावाला चाललाय," मामा म्हणाले. "जल्दी कर म्हंजे झालं."

सोमवारी कार्यालयात जाऊन मी पुन्हा चित्र उघडलं. आता बघितलं तर ते डोळ्यांत खुपेल इतकं उघड होतं. डागांना कोपरे होते. प्रत्येक डाग बांधापाशी येऊन थांबत होता, काटकोनात वळत होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना आजचे बांध कुठले ठाऊक? मला हसू आलं, रडू आलं, दोन्ही. धावत जाऊन सरांना सांगावं असं वाटलं. पण या वेळी मी स्वतःलाच दटावलं. मामांची बाग वाचावी असं मला वाटत होतं आणि बाग वाचेल असंच मला चित्रात दिसत होतं. आधी गाव हवं होतं तेव्हा गाव दिसलं होतं. म्हणून मी कपाटातून त्याच जागेची विमानातली जुनी छायाचित्रं काढली, हिवाळ्यातली, शेतात ज्वारी उभी असतानाची, आणि भिंगाखाली मांडली.

तिथं एक बाक होता.

मामांच्या तुकड्यातून, नदीकडून येऊन पुन्हा नदीकडे वळणारा, गडद रंगाचा एक पट्टा. त्या पट्ट्यातली ज्वारी बाजूच्यापेक्षा दाट वाढलेली होती, म्हणजे खाली ओल धरणारं काहीतरी होतं. तो बांधापाशी थांबत नव्हता. बांधाखालून सरळ शेजारच्या शेतात जात होता. नदीचं एखादं बुजलेलं पात्र असू शकतं, मी स्वतःला म्हटलं. तसे बाक नदीकाठी जागोजाग असतात. किंवा एखाद्या वस्तीभोवतीचा खंदक असू शकतो, जो पुराच्या गाळानं बुजून गेला आणि ज्याच्यावर स्वच्छ काळी माती साचली. तसं असेल तर मी खड्ड्यात पाहिलेली काळी माती म्हणजे तळ नव्हताच, नुसतं झाकण होतं.

छायाचित्रं मी खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. कुणी चोरणार नव्हतं. सरांना ती दिसणार नव्हती. दुसऱ्या कुणाला बघता येत नव्हती. मंगळवारी मी ती काढून पुन्हा पाहिली. बाक तिथंच होता. बुधवारी भिंगं पुसून पाहिली, छायाचित्रं उलटसुलट करून पाहिली. घरी कुणी साधं मीठ मागितलं तरी मी अंगावर जात होते. मामांचा फोन आला तेव्हा साहेब बाहेर आहेत म्हणून सांगितलं, आणि सर समोरच बसले होते.

फोन ठेवल्यावर मी सरांना कोपऱ्यांचं सांगितलं, खड्ड्यातल्या रेघेचं सांगितलं, बैलगाडीचंही सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा मोकळा होत गेला.

"छान," ते म्हणाले. माझ्या आठवणीत हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला. "म्हणजे आपण पसरलेल्या मातीला गाव समजलो. लिहून दे. आजच पत्र मागे घेतो."

त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मी पेन उघडलं. लिहायचं तेवढं सगळं खरं होतं, एक अक्षर खोटं लिहावं लागणार नव्हतं. यारी दुसऱ्या दिवशी उभी राहिली असती.

"सर, अजून एक आहे," मी म्हणाले, आणि मला माझाच राग आला.

त्यांनी बाकाचं ऐकून घेतलं. "पात्र असेल," म्हणाले.

"असेल."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते विचारू नका. एक खड्डा घेऊन बघू या."

मामांना सांगायला मीच गेले. विहिरीच्या खड्ड्याशेजारी आम्ही एक लहान चौकोन खणणार, खाली काही लागलं नाही की त्याच संध्याकाळी तुम्ही मोकळे, असं सांगितलं. मामी म्हणाली, "तू तर म्हनलीस काय न्हाई म्हून. मंग आता कशाला उकरायलीस?" छायाचित्रातला बाक तिला कसा दाखवणार? मामा मधे पडले. "बघू दे तिला. बराबर बघितलं म्हंजे मागं कटकट न्हाई," म्हणाले. माझ्यावरचा त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा जास्त होता.

आम्ही खणायला लागलो. वरची वीतभर पांढरी गेली, मग काळी. एक एक थर सारखा करत खाली जायचं, टोपली वर द्यायची, माती चाळायची. चाळणीत काही राहत नव्हतं. मामा कडेला उकिडवे बसून प्रत्येक टोपलीकडे बघत होते. पहिल्या दिवशी ते गप्प होते. दुसऱ्या दिवशी काळीच लागत राहिली तसे बोलायला लागले, कामावरच्या गड्यांना तंबाखू देऊ लागले. मामीनं सगळ्यांसाठी भाकरी-पिठलं पाठवलं आणि माझ्या ताटात मिरचीचा ठेचा वेगळा वाढलेला होता. तो मी सगळा खाल्ला. सर कडेला छत्री धरून उभे होते. त्यांना खालचं फार दिसत नव्हतं, म्हणून मी दर थराला वर तोंड करून सांगायची, "काळी, स्वच्छ." ते लिहून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सर म्हणाले, "हा थर झाला की बंद करू. पात्रच आहे." मामांनी ते ऐकलं आणि उठून उभे राहिले. "मंग यारीवाल्याला उद्या सकाळी बोलावतो," म्हणाले, आणि निरोप द्यायला एका गड्याला सायकलवर पिटाळलंसुद्धा.

खड्ड्यात त्या वेळी मी एकटीच होते. डोक्याच्या वरपर्यंत माती होती आणि वरच्यांना माझे हात दिसत नव्हते. कोपरा सारखा करत होते. खुरपीचा आवाज बदलला. मातीत खुरपी जाताना भुसभुशीत आवाज होतो, हा कडक होता. मी बोटांनी माती बाजूला केली. लाल, भाजलेल्या मातीची जाड कड होती, वळत गेलेली. मी आणखी थोडं उकरलं तर वळण पुढे गेलं. त्या गोलाच्या आतली माती मऊ होती, राखाडी, आणि बाहेरची कडक पिवळी.

मी काय पाहते आहे ते मला कळलं होतं. वर सर छत्री मिटत होते. मूठभर काळी माती त्या कडेवर लोटली असती तर काम संपलं असतं. मूठभरच. माझा हात मातीवर होता, हे मला अजून आठवतं, आणि मामा वरून म्हणत होते, "झालं का बाई? ये वर, च्या टाकलाय."

"सर," मी म्हणाले. "खाली या."

सरांना दोघांनी धरून उतरवलं. त्यांनी गुडघे टेकले आणि डोळ्यांनी नव्हे, बोटांनी ती कड चाचपली, आंधळ्या माणसासारखी, सगळा गोल फिरून. खापराची मोठी कडी एकावर एक रचून केलेली विहीर होती ती. सातवाहनांच्या वेळी अशा विहिरी बांधत. वरचं एकच कडं आम्हाला लागलं होतं, बाकीची सरळ खाली जात होती. म्हणजे गाव होतं, पांढऱ्या डागातलं नव्हे, त्याच्या खूप खालचं, गाळाखाली बुडालेलं. वरून ते कुठल्याच चित्रात दिसलं नसतं.

मामा कडेशी आले. "काय हाये?"

सर माझ्याकडे बघत राहिले. हे माझंच काम होतं.

"विहीर आहे, मामा. जुनी. दोन हजार वर्षांपूर्वीची."

"हीर?"

"हो."

ते वाकून बराच वेळ आत बघत होते. मामी त्यांच्या मागे येऊन थांबली होती. मी वाट बघत होते की आता ते ओरडतील, आणि त्यांनी ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. मामांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, विहिरीच्या काठाशी जाताना ठेवतात तशा. मग म्हणाले, "म्हंजे पानी हाये इथं."

"होतं तेव्हा."

"किती खाली आसल?"

"ते खोदल्याशिवाय कळणार नाही," सर म्हणाले.

"मंग खोदा की."

सरांनी सांगितलं की आता इथंच थांबावं लागेल. हा खड्डा वाळूनं भरून ठेवायचा, मोठ्या उत्खननाची परवानगी मागायची, ती यायला वेळ लागेल, आणि तोवर या तुकड्यात कुणालाच खणता येणार नाही. शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि त्यांना नाही, मला विचारलं, "म्हंजे पानी हाये, आन् तुम्ही बी खोदनार न्हाई, मी बी न्हाई?"

"हो, मामा."

त्यांनी मान हलवली. वहाणा घातल्या. उद्या येऊ नको म्हणून यारीवाल्याला सांगायला आता स्वतःच गेलं पाहिजे, असं मामीला म्हणाले आणि गावाकडे चालायला लागले. वाट बागेतून जात होती. दोन्ही बाजूंच्या झाडांकडे एकदाही न बघता ते सरळ निघून गेले. मृग त्या वर्षी कोरडा गेला आणि बाग राहिली नाही.